बारा कॅमेऱ्यांचा माणूस

यंदा पावसाळा संपला आणि आमच्या घरात एक वाद सुरू झाला. माझी मुलगी लांब उडी मारते. फळीवर पाय टेकताना तिची मान खाली जाते, असे तिचे सर महिनाभर सांगत होते आणि ती महिनाभर नाही म्हणत होती. आपण समोर झाडाकडेच पाहतो, अशी तिची अगदी खात्री होती. शेवटी सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. साधने मोजकीच : घरचा जुना लॅपटॉप, तिपाईवर एक छोटा कॅमेरा आणि एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम. कॅमेऱ्यापुढे आत्ता जे घडते ते पडद्यावर काही सेकंदांनी दिसते. मधल्या वेळात लॅपटॉप चित्रांची रांग धरून ठेवतो. नवे चित्र रांगेच्या शेवटी उभे राहते आणि सर्वांत जुने पडद्यावर जाते. बटण दाबायला कुणी लागत नाही. उडी मारायची, वाळू झटकायची, चालत यायचे आणि स्वतःला पाहायचे.

पहिल्या दिवशी मी ८ सेकंदांचा उशीर ठेवला. ती वाटेत असतानाच तिची उडी पडद्यावरून निघून गेली. १५ सेकंद ठेवले तेव्हा ती धापा टाकत पोचायची आणि फळीचा क्षण नेमका हुकायचा. २२ वर जमले. मग उन्हाने पडदा दिसेना, तेव्हा टीव्हीच्या खोक्याची एक बाजू कापून लॅपटॉप आत बसवला. पाय फळीवर सेकंदाचा जेमतेम आठवा भाग टिकतो. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तो तीन-चार चित्रांपुरता सापडतो. तेवढे पुरले. तिसऱ्या उडीनंतर पोरगी खोक्यात डोके घालून उभी राहिली, ती बराच वेळ बाहेर येईना. मान खाली जात होती.

त्या रात्री मी एडवर्ड मायब्रिजचे चरित्र पुन्हा उघडले.

लंडनजवळच्या किंग्स्टन गावी ९ एप्रिल १८३० रोजी जन्मलेला हा माणूस. मूळ आडनाव मगरिज. ते त्याने दोनदा बदलून मायब्रिज केले आणि पुढे आपल्या पहिल्या नावालाही जुन्या सॅक्सन राजांच्या थाटाचे स्पेलिंग दिले. विशीत अमेरिकेला गेला, सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तके विकू लागला. १८६० मध्ये प्रवासात घोडागाडी उलटली आणि डोक्याला जबर मार बसला. त्यानंतर काही काळ त्याला प्रत्येक वस्तू दोन दिसत. उपचारांसाठी तो इंग्लंडला परतला आणि काही वर्षांनी पुन्हा अमेरिकेत आला तो छायाचित्रकार होऊनच. योसेमिटी दरीच्या त्याच्या चित्रांनी नाव झाले.

लेलंड स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वेचा मालक आणि घोड्यांचा वेडा. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, हा त्याचा प्रश्न होता. यावर मोठी पैज लागली होती ही गोष्ट सगळीकडे छापलेली दिसते. मला ती दंतकथाच वाटते. १८७२ मध्ये मायब्रिजने पहिले प्रयत्न केले. मग मध्येच ते घडले.

त्याची पत्नी फ्लोरा त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. १८७४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्या ऑक्टोबरात बाळाचे एक छायाचित्र त्याच्या हाती आले. मागे पत्नीच्या अक्षरात हॅरी लार्किन्स या तिच्या मित्राचे पहिले नाव बाळाला लावलेले होते. मायब्रिज कॅलिस्टोगाजवळच्या खाणीवर गेला आणि त्याने लार्किन्सला गोळी घालून ठार केले. वकिलांनी डोक्याच्या जुन्या माराकडे बोट दाखवून वेडाचा बचाव मांडला. ज्यूरीने तो मानला नाही. तरीही, अशा नवऱ्याने असेच करावे असे मानून १८७५ मध्ये त्याला सोडून दिले. त्याच वर्षी फ्लोरा वारली. मुलगा अनाथाश्रमात गेला.

तीन वर्षांनी, जून १८७८ मध्ये, पालो आल्टोच्या धावपट्टीवर मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येकाच्या झडपेला जोडलेली तार पट्टीवर आडवी. घोडा ती ओलांडत गेला की झडप उघडून मिटे. दोन चित्रांत अंतर सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाचे, म्हणजे आमच्या लॅपटॉपच्या जवळपासच. वार्ताहरांना बोलावून काचा तिथल्या तिथे धुऊन दाखवल्या. घोड्याचे चारही पाय खरोखर हवेत होते, पण चित्रकार शतकानुशतके रंगवत आले तसे पुढे-मागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. हजारो वर्षे माणूस घोड्यावर बसत होता आणि हे कुणाला दिसले नव्हते.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबचे खेळाडू तिथे आले आणि त्यांच्या कसरती त्याच कॅमेऱ्यांसमोर झाल्या. खेळाडूने आपली हालचाल तुकड्यातुकड्याने पाहायची, या प्रथेचा उगम मला तिथे दिसतो. त्याच सुमारास त्याने फिरत्या काचेच्या चकतीवरून ही चित्रे पडद्यावर हलवून दाखवणारे यंत्रही केले.

स्टॅनफर्डने १८८२ मध्ये दुसऱ्याच्या नावाने पुस्तक काढले आणि त्यात मायब्रिजला योग्य श्रेय दिले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध स्वीकारण्याचे थांबवले. स्टॅनफर्डवरचा दावाही तो हरला. पण काम सोडले नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आसरा दिला आणि १८८७ मध्ये ७८१ चित्रफलकांचा प्रचंड संग्रह निघाला. धावणारे, उड्या मारणारे, चेंडू फेकणारे विद्यार्थी, जिना उतरणाऱ्या बायका, हत्ती, कबुतरे. मागे चौकोनांची जाळी, म्हणजे प्रत्येक अवयव किती सरकला ते मोजता यावे.

त्या फलकांत एक दाढीवाला म्हातारा विवस्त्र चालताना दिसतो. यादीत त्याची नोंद साठीचा माजी खेळाडू अशी आहे. तो मायब्रिज स्वतः. तेव्हा त्याची साठीही झाली नव्हती आणि तो खेळाडू कधी होता, हे मला तरी कुठे सापडलेले नाही. कॅमेऱ्यापुढे उभे राहायला तो डरला नाही, एवढे खरे. पण फ्लोराडोचे, म्हणजे त्या मुलाचे काय? बापाशिवाय वाढलेला हा पोर पुढे शेतमजुरी आणि माळीकाम करत जगला आणि १९४४ मध्ये मोटारीखाली सापडून गेला. मोठेपणी तो मायब्रिजसारखाच दिसे, असे ज्यांनी पाहिले ते सांगत. बापाने त्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिले असते तर? हे एक मी त्याला माफ करू शकत नाही.

आयुष्याच्या शेवटी तो किंग्स्टनला परतला आणि ८ मे १९०४ रोजी वारला. स्मृतिशिळेवर त्याचे आडनाव चुकीचे कोरले गेले : मेब्रिज.

म्हाताऱ्याचा तो फलक मी छापून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवला. मुलीने हा कोण विचारले, तेव्हा घोड्याचे सगळे सांगितले, मुलाचेही सांगितले. ती काही बोलली नाही. त्या सकाळी सहा उड्या झाल्या. चार वेळा मान खाली गेली, दोन वेळा नाही. उशीर अजून २२ सेकंदांवरच आहे.