शब्दांचे इतिहासकार : वि. का. राजवाडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांना बहुधा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांचे संपादक म्हणून परिचित असतात. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग ज्या विषयाने व्यापला, तो शब्दांचा विषय होता. शब्द कोठून आला, कोणत्या काळी कोणत्या अर्थाने वापरला गेला आणि त्याचा आजचा अर्थ कसा सिद्ध झाला, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने व्याकरणाचे तर होतेच, पण त्याहून अधिक ते इतिहासाचे होते. या प्रश्नांना त्यांनी दिलेली सर्वच उत्तरे काळाच्या कसोटीस उतरली नाहीत. त्यांपैकी कोणती उतरली, कोणती उतरली नाहीत आणि तसे का घडले, हे पाहिल्यास त्यांच्या कार्याचे खरे स्वरूप ध्यानी येते.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. शिक्षण मुख्यतः पुण्यात झाले आणि डेक्कन कॉलेजातून त्यांनी पदवी संपादन केली. काही काळ त्यांनी अध्यापन केले, परंतु नोकरीत त्यांचे मन रमले नाही. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. 'भाषांतर' नावाचे मासिक त्यांनी काही काळ चालविले आणि त्यातून प्लेटोच्या 'रिपब्लिक'सारख्या ग्रंथाचे मराठी रूप वाचकांपुढे आणले. प्रौढ विचार मराठीतूनच मांडावयाचा, हा त्यांचा निश्चय तेव्हापासूनचा होय. हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला आणि त्याची किंमतही मोजली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची १८७७ सालची भाषाशास्त्रीय व्याख्याने इंग्रजीत असल्यामुळे देशोदेशींच्या पंडितांपर्यंत पोहोचली. राजवाडे यांचे लेखन मराठी न जाणणाऱ्यांना दीर्घकाळ अज्ञातच राहिले.

वाई येथे पानिपतच्या मोहिमेसंबंधीची जुनी पत्रे हाती आली आणि त्यांच्या आयुष्याला निश्चित दिशा लाभली. त्या पत्रांचा समावेश असलेला साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे गावोगाव हिंडून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरे उघडून त्यांनी कागद जमविले. या कामात शब्दार्थाचा प्रश्न त्यांच्यापुढे पावलोपावली उभा राहत असला पाहिजे. 'दप्तर' हाच शब्द घ्यावा. फारसीत त्याचा अर्थ नोंदवही. मराठी राज्यकारभारात तो सरकारी वा घराण्याच्या कागदपत्रांच्या संग्रहाला लागला. आज मराठी मुलाचे दप्तर म्हणजे शाळेत न्यावयाची पिशवी, तर हिंदी भाषिकाचा 'दफ्तर' म्हणजे कचेरी. 'रुमाल' हा मूळचा तोंड पुसण्याचा कपडा; पण कागद ज्या फडक्यात बांधीत त्यालाही रुमाल म्हणू लागले आणि दप्तरखान्यातील कागदांची मोजदाद रुमालांनी होऊ लागली. शब्दाचे मूळ सांगितल्याने हे अर्थ उलगडत नाहीत. त्यासाठी शब्द ज्यांच्या हाती होता, त्यांचा व्यवहार पाहावा लागतो.

राजवाडे यांनी हा व्यवहार कालानुक्रमे तपासण्याचा जो प्रयत्न केला, तो भारतीय भाषांच्या अभ्यासात लक्षणीय ठरावा. १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांचे कागद घेऊन त्यांतील फारसी व मराठी शब्दांची त्यांनी गणना केली. पहिल्या कागदात फारसी शब्दांचे प्रमाण शेकडा ८५ च्या आसपास होते. दुसऱ्यात ते शेकडा ३७-३८ वर आले आणि तिसऱ्यात शेकडा ६-७ वर. स्वराज्याच्या स्थापनेबरोबर भाषाही पालटली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शब्दांची मोजणी करून राजकीय इतिहासाचा पुरावा सादर करण्याची ही रीत त्या काळी नवीन होती.

मात्र या निष्कर्षाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. तीन कागद ही सामग्री अल्प होय. शिवाय कागदाचा प्रकार, लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, यांवरही शब्दांची निवड अवलंबून असते. शिवकालात रघुनाथ पंडितांच्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरीही अठराव्या शतकात 'पेशवा', 'फडणीस', 'चिटणीस', 'मुजुमदार' हे शब्द राज्यकारभारात कायम राहिले. एवढेच नव्हे, तर घराण्यांची आडनावे होऊन बसले. 'फर्दनवीस'चा 'फडणीस' झाला तो कोणा पंडिताच्या आज्ञेने नव्हे, बोलणाऱ्यांच्या जिभेवर. राजाज्ञेपेक्षा रूढी बलवत्तर ठरल्याची साक्ष हे शब्द देतात.

१९०९ साली राजवाडे यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरणही लिहिले. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले. तथापि एका विशिष्ट काळच्या मराठीचे व्याकरण त्या काळच्याच ग्रंथावरून लिहावे, ही दृष्टी मोलाची होती. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. १९२२ साली त्यांनी जयराम पिंडे यांचा 'राधामाधवविलासचंपू' संपादित केला. शहाजीराजांच्या पदरच्या या कवीने संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतूनही रचना केली असल्याने, भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आजही उपयुक्त वाटेल.

मंडळातील मतभेदांमुळे राजवाडे पुण्यातून दूर झाले आणि त्यांच्या अखेरच्या काळाचे केंद्र धुळे हे राहिले. या काळात मराठी धातू व नामे यांच्या व्युत्पत्तीचे काम त्यांनी अफाट प्रमाणावर केले. येथेच त्यांच्या पद्धतीचे बळ आणि उणीव ही दोन्ही एकत्र दिसतात. पाणिनीय व्याकरणावरील त्यांचे प्रभुत्व असामान्य होते. परंतु मराठी शब्द थेट संस्कृत वा वैदिक धातूशी जोडण्याच्या ओढीने मधल्या प्राकृत अवस्थांचा पुरावा अनेकदा मागे पडला. द्राविड भाषांशी असलेला मराठीचा संबंधही या पद्धतीत पुरेसा सामावत नव्हता. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ याच सुमारास, १९२० साली, प्रसिद्ध झाला. ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि मधल्या अवस्थांचे दाखले यांवर त्याची उभारणी असल्याने, पुढील भाषाशास्त्राने तोच मार्ग अनुसरला.

शिवाय धातू निर्विवाद असला, तरी अर्थ त्याच्या अधीन राहतोच असे नाही. संस्कृतातील 'शिक्षा' म्हणजे विद्याग्रहण. हिंदीने तो अर्थ जपला, मराठीत मात्र दंड हा अर्थ रूढ झाला. संस्कृतात रंग आणि अनुराग सुचविणारा 'राग' मराठीच्या नित्य व्यवहारात क्रोधाचा वाचक झाला. दोन भाषांनी एकच तत्सम शब्द घेऊन त्याला भिन्न वाटांनी नेले. या वाटांचा शोध धातुपाठात लागत नाही. तो त्या त्या काळच्या पत्रांत, बखरींत आणि पोथ्यांत घ्यावा लागतो. ही साधने अपार कष्टाने मिळवून देणारे राजवाडेच होते, हे येथे विसरता कामा नये.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांच्या हस्तलिखितांतून 'मराठी धातुकोश' १९३७ साली व 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' १९४२ साली प्रसिद्ध झाला. १९४६ साली कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' सिद्ध झाला, तेव्हा ही सामग्री अभ्यासकांना उपलब्ध होती. राजवाडे यांच्या अनेक व्युत्पत्ती आज कोणी स्वीकारणार नाही. पण शब्द दिनांकासह वाचावा हा त्यांनी घालून दिलेला परिपाठ मराठी संशोधनाने सोडलेला नाही. मराठीच्या सविस्तर ऐतिहासिक कोशाचे काम जेव्हा केव्हा हाती घेतले जाईल, तेव्हा त्याच्या संपादकांना राजवाडे यांच्या धातुकोशापेक्षा त्यांच्या बावीस खंडांकडेच अधिक वेळा वळावे लागेल.