वाळवंटातलं विवर आणि हट्टी बॅरिंजर

लोणारचं सरोवर आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात. उल्का आदळून ते विवर झालं, हे आज शाळेतली मुलंही सांगतात. पण शंभर वर्षांपूर्वी असं म्हणणाऱ्याला मोठमोठे शास्त्रज्ञ हसत. हे हसणं ज्याने आयुष्यभर सोसलं, त्या डॅनियल बॅरिंजरबद्दल मला लिहायचंय.

बॅरिंजर १८६० साली अमेरिकेत जन्मला. शिकला वकिली, पण रमला खाणकामात. चांदीच्या खाणीत त्याने भरपूर पैसा कमावला. १९०२ मध्ये त्याला ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका गोल विवराबद्दल कळलं. सुमारे १.२ किलोमीटर रुंद, १७० मीटर खोल आणि आजूबाजूला विखुरलेले लोखंडाचे तुकडे!

त्याआधी १८९१ मध्ये गिल्बर्ट हा नामवंत भूशास्त्रज्ञ तिथे जाऊन आला होता. जमिनीखाली लोखंड असल्याची खूण त्याच्या चुंबकसुईने दाखवली नाही. म्हणून हा ज्वालामुखीच्या वाफेचा स्फोट, असा निष्कर्ष त्याने काढला. बॅरिंजरला ते पटेना. लाव्हाचा पत्ता नाही, वालुकाश्माचं अक्षरशः पीठ झालंय, लोखंडाचे तुकडे त्याच ढिगाऱ्यात मिसळलेत. मग ज्वालामुखी कसला?

१९०३ मध्ये त्याने कंपनी काढली आणि ड्रिलिंग सुरू केलं. खाली १० कोटी टन लोखंड असणार, हा त्याचा हिशेब. ड्रिल ४१९ मीटरपर्यंत गेलं, पैसा संपत आला, पण लोखंडाचा साठा काही लागला नाही. १९२९ मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडलं. उल्का फार लहान होती आणि आदळतानाच तिची बहुतेक वाफ झाली! त्यानंतर लवकरच, ३० नोव्हेंबर १९२९ ला, हृदयविकाराच्या झटक्याने बॅरिंजर गेला.

१९६० मध्ये तिथल्या दगडात कोएसाइट सापडलं. हे खनिज प्रचंड दाबाखालीच बनतं. म्हणजे विवर उल्केचंच! पुढे १९७० च्या दशकात लोणारलाही ड्रिलिंग झालं आणि तिथल्या बेसॉल्टमध्ये आघाताच्या खुणा मिळाल्या.

आपल्या भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. ड्रिलने वर काय आणलं, त्यावरच खाणवाल्याची किंमत ठरते. त्या हिशेबाने बॅरिंजर साफ बुडाला. पण मला वाटतं, त्याच्या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. उल्का आदळली, हे त्याने पुराव्यावरून ओळखलं होतं. लोखंड खाली आहे, ही मात्र त्याची आशा होती. पुरावा टिकला, आशा बुडाली. आज ते विवर त्याच्याच नावाने ओळखलं जातं.