न्हावी किडा आणि डॉ. शागास

डॉ. कार्लोस शागास यांचा जन्म ९ जुलै १८७९ रोजी ब्राझील देशात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. मुलाने इंजिनिअर व्हावे असे आईला वाटे, पण तो झाला डॉक्टर.

१९०७ साली त्यांना लासान्स गावी पाठवले. तिथे रेल्वेचे काम चालू होते आणि मजूर हिवतापाने आजारी पडत होते. रेल्वेचा एक डबा हेच डॉक्टरांचे घर अन् तीच प्रयोगशाळा.

तिथे त्यांना एक किडा दिसला. आपल्या ढेकणासारखाच, पण चांगला मोठा! दिवसा कुडाच्या भिंतीच्या फटीत लपायचा आणि रात्री निजलेल्या माणसाच्या तोंडाला चावायचा. म्हणून लोक त्याला न्हावी म्हणत. त्याच्या पोटात डॉक्टरांना सूक्ष्म जंतू सापडले. १४ एप्रिल १९०९ रोजी तेच जंतू तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात दिसले. ती मुलगी वाचली, सत्तरी ओलांडून जगली.

हा किडा कुत्र्या-मांजरांचेही रक्त पितो. रक्त पिऊन तिथेच घाण करतो. आपण खाजवले की घाणीतले जंतू अंगात शिरतात. असा कुत्र्याचा रोग माणसाला आणि माणसाचा कुत्र्याला होतो. काहींचे हृदय पुढे कित्येक वर्षांनी बिघडते.

तेव्हा औषध नव्हते. गरिबांची घरे सुधारा, असे डॉक्टर सांगत. पण रोग एवढा पसरलाय हे काही मोठ्या डॉक्टरांना पटेना. ८ नोव्हेंबर १९३४ रोजी शागास वारले. पुढे घरोघर फवारणी झाली, भिंतींना गिलावा झाला. त्या किड्याच्या मुख्य जातीकडून होणारा प्रसार ब्राझीलमध्ये थांबल्याचे जाहीर झाले, ते २००६ साली!