आमगावच्या मातीतला भवभूती

वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायचं म्हटलं, की घसा कोरडा पडतो ना? वर मनात येतं, स्टेज गाजवणं हे पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम. आपण पडलो आमगावचे! मग ज्याच्या नावाने आमगावात महाविद्यालय आहे, त्या भवभूतीची गोष्ट वाचाच.

काळ 8व्या शतकाचा. गाव विदर्भातलं पद्मपूर. आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं मत संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, मुलाचं नाव श्रीकंठ. घराणं वेदाध्ययन करणारं. म्हणजे स्पष्ट उच्चार आणि श्वासावर ताबा यांची तालीम घरातच झाली असणार.

श्रीकंठ वेद, उपनिषदं, सांख्य, योग शिकला. पण 'मालतीमाधव'च्या सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलं, की ही विद्वत्ता मिरवून नाटकाला काडीचा फायदा नाही. नटांशी त्याची खास दोस्ती होती. त्याची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत, जमलेल्या लोकांपुढे झाली. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र रंगणारी नाटकं पाहिलीत ना? मग गर्दीपुढे आवाज टिकवणं काय असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता त्याची कारागिरी बघा. 'मालतीमाधव'मध्ये स्मशानाचा प्रसंग आला, की शब्द लांबलचक आणि खडबडीत होतात. म्हणणाऱ्याचा दम लागतो, ऐकणाऱ्याला धडकी भरते. 'उत्तररामचरित'च्या तिसऱ्या अंकात मात्र वेगळंच घडतं. सीतेला सोडून दिल्याबद्दल वनदेवता वासंती रामाला जाब विचारते. तो तिला किती गोड बोलायचा, याची आठवण देते आणि तिला... इथे वाक्य तुटतं. पुढचं तिच्याने बोलवत नाही, ती मूर्च्छित होते. न उच्चारलेला तो शब्द प्रेक्षक मनातल्या मनात पुरा करतो. स्पर्धेत घड्याळाकडे बघून धाडधाड बोलणाऱ्यांनी हे थांबणं जरूर शिकावं.

सगळ्यांनी डोक्यावर घेतलं का त्याला? नाही. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. त्यांना त्याने ठणकावलं, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. काळाला अंत नाही, पृथ्वी मोठी आहे, माझ्यासारखा कुणीतरी कधीतरी जन्मेलच. पुढे कनौजच्या यशोवर्म्याच्या दरबारी कवींत त्याचं नाव आलं. 'महावीरचरित' धरून त्याची तीन नाटकं आजही अभ्यासली जातात.

बाराशेहून जास्त वर्षं झाली. तो ज्याची वाट बघत होता, तो कदाचित तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसला असेल. तेव्हा या खेपेला भाषण नुसतं घोकू नका. मोठ्याने म्हणून बघा, अडखळाल तिथे शब्द बदला, जिथे गळा दाटेल तिथे क्षणभर थांबा. आणि यादीत नाव टाका!