भाग्यवती : संत जोसेफिन बखिता

जिचे जन्मनाव आज कोणासही ठाऊक नाही, अशा एका संत स्त्रीचे अल्प चरित्र ह्या ज्युबिलीच्या प्रसंगी आपल्या धर्मग्रामातील बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

आफ्रिका खंडातील सुदान देशात दारफूर नामक प्रांत आहे. तेथील ओल्गोसा गावी सुमारे १८६९ साली एका सुखवस्तू घरात ह्या कन्येचा जन्म झाला. ती सातआठ वर्षांची असता घरापासून दूर दोघा अनोळखी पुरुषांनी तिला गाठले व धाक घालून पळवून नेले. नाव विचारले, परंतु भयाने तिच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्यांनीच तिला बखिता, म्हणजे भाग्यवती, असे म्हणावयास आरंभ केला. पुढे ती आपले खरे नाव विसरली, ते कायमचेच.

गुलामांच्या बाजारात ती अनेकदा विकली गेली. एकदा दुसऱ्या एका मुलीसह ती निसटली, पण पुन्हा सापडली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तिच्या अंगावर शंभरांहून अधिक छेद करण्यात आले. त्या छळाचे वर्णन मी येथे मुद्दाम केलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

१८८३ साली खार्टूम शहरी इटलीचे व्हाइस कॉन्सल कालिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. तेथे तिला चाबूक दिसला नाही. १८८५ साली ती त्यांच्यासह इटलीत आली व मिकिएली कुटुंबात मुलीची दाई म्हणून राहिली. मालकीण परदेशी गेली असता दोघी व्हेनिस येथे कनोसा भगिनींच्या आश्रयास होत्या. ह्याच संघाच्या भगिनींची शाळा मुंबईत माहीम येथे आहे. मालकीण परत येऊन तिला नेऊ लागली, तेव्हा बखिताने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. इटलीचा कायदा गुलामगिरी मानीत नाही, सबब ती स्वतंत्र आहे, असा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी न्यायालयाने दिला. ९ जानेवारी १८९० रोजी तिला स्नानसंस्कार मिळून जोसेफिन हे नाव लाभले. ८ डिसेंबर १८९६ रोजी तिने व्रते घेतली.

सिस्टर जोसेफिन १९०२ साली स्कियो गावच्या मठात आल्या. तेथे त्यांनी स्वयंपाक केला, पवित्र वस्त्रे सांभाळली व दारावर येणाऱ्या गोरगरिबांचे स्वागत केले. १९१० साली वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनी आपली हकिकत एका भगिनीस सांगितली. पुढे इदा झानोलिनी ह्या लेखिकेने त्यांच्याकडून ती ऐकून १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मग त्यांना इटलीभर सभांतून मिशनकार्यासाठी नेण्यात आले. लोक मोठ्या संख्येने जमत. पुष्कळजण केवळ त्यांना पाहावयास येत. स्वभावाने संकोची असलेल्या सिस्टर चार शब्द बोलून थांबत.

बंधुभगिनींनो, आपण येथे विचार करावा. ज्याने दुःख सोसले, ती कथा त्याची आहे. किती सांगावे, कोणास सांगावे व कोठे थांबावे हे त्यानेच ठरवावयाचे. सत्कार्याच्या हेतूनेही आपण त्याच्या जखमा चारचौघांत उघड्या करू नयेत. म्हणूनच वर मी थांबलो. आपल्याला पळविणारे भेटले तर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, कारण त्यांच्या योगे प्रभूची ओळख झाली, अशा अर्थाचे सिस्टर बोलत. हा उद्गार त्यांच्याच मुखी शोभतो. आपल्या गावची एखादी मुलगी फसवून नेली जाऊन परत आली, तर तिने क्षमा करावी असा उपदेश तिला करण्याचा अधिकार आपणांस नाही. तिला प्रश्न न विचारता घरात घ्यावे, तिच्या पाठीमागे कुजबूज करू नये, व ती बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे. एवढेच आपले कर्तव्य.

अखेरच्या आजारात भ्रमावस्थेत सिस्टर शुश्रूषा करणारीस साखळ्या सैल करण्याची विनंती करीत. सत्तर वर्षांनीही ती भीती पुरती गेली नव्हती, हे आपण विसरू नये. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी प्रभूमध्ये विसावा घेतला. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस संतपद दिले. त्यांच्या सणाचा दिवस २०१५ सालापासून, माणसांच्या व्यापारास बळी पडलेल्यांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो.

हे संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर.