तारेपासून नाडीपर्यंत : डॉक्टर थॉमस यंग

अकरावीच्या प्रॅक्टिकलला मी पोलादी तारेला वजनं लावून यंग्ज मॉड्युलस काढला होता. जर्नलवर सही झाली, विषय संपला. हा यंग पेशाने डॉक्टर होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेही स्मार्टवॉचला नाडी कशी कळते हे शोधताना!

थॉमस यंग १७७३ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्व्हर्टन गावी जन्मला. दहा भावंडांत थोरला. लंडन, एडिंबरा, गोटिंगेन, केंब्रिज असा फिरत शिकला. प्रकाश लाटेसारखा वागतो हे दाखवणारा प्रयोग त्याचा, रोझेटा शिलालेखाच्या वाचनातही त्याचा वाटा. पण डॉक्टर भलत्याच नादात आहे असं पेशंटना वाटलं तर? या धास्तीने तो बरेच लेख बिननावाने छापायचा. रॉयल इन्स्टिट्यूशनमधलं प्राध्यापकपदही त्याने १८०३ मध्ये सोडलं, प्रॅक्टिसला धक्का नको म्हणून. तिथल्या व्याख्यानांचं पुस्तक १८०७ मध्ये आलं. त्यातच तो मॉड्युलस आहे, म्हणजे एखादा पदार्थ ताणाला किती दाद देतो याचं माप. व्याख्या मात्र इतकी किचकट की आपण शिकतो ते सोपं रूप नंतरच्यांनी केलंय.

मला खरा यंग भेटतो तो १८०८ च्या रॉयल सोसायटीतल्या व्याख्यानात. विषय : हृदय आणि धमन्या. धमन्या स्वतः आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. यंगने गणित मांडून सांगितलं की ढकलायचं काम मुख्यतः हृदयाचं. धमनी ही लवचिक नळी. ठोका पडला की ती फुगते आणि तो फुगवटा लाटेसारखा पुढे पळतो. मनगटावर लागते ती हीच लाट. नळी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. आजही लाटेचा वेग मोजून धमन्या किती कडक झाल्यात याचा अंदाज घेतात.

पण त्याचा मॉड्युलस धमनीला नीट लागू पडत नाही. जरा कानाची पाळी ओढून बघा. आधी सहज ताणली जाते, मग एकदम अडते. पोलादी तारेला (मर्यादेत) दुप्पट वजन लावलं की ती दुप्पट लांबते, म्हणून तिथे एक आकडा पुरतो. त्वचेत, धमनीत कोलॅजेनचे धागे नागमोडी, सैल पडलेले असतात. ते सरळ होईपर्यंत इलास्टिन ताण झेलतं. सरळ झाले की धागेच ओढ धरतात. मग आकडा कुठला घ्यायचा, सुरुवातीचा की शेवटचा?

ही वाकडी रेघ १८४७ मध्ये वेर्थाइमने नोंदवली. तिला वापरण्याजोगं सूत्र मिळालं थेट १९६७ मध्ये, वाय. सी. फंग यांच्याकडून. सशाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा ताणताना त्यांना दिसलं, की ताण वाढतो तसा ताठरपणाही त्याच हिशोबात वाढतो. कॉम्प्युटरवर हृदय किंवा धमनीचं मॉडेल बनवताना अजूनही या घराण्यातली सूत्रं वापरतात.

यंग १० मे १८२९ रोजी गेला, वय ५५. शेवटच्या आजारपणातही इजिप्शियन भाषेच्या शब्दकोशाचं काम चालूच होतं. शवविच्छेदनात त्याची महाधमनी कडक झालेली आढळली.