बाह्या वर करणारा कप्तान

फियाट हे नाव माहीत नसलेला मेकॅनिकलचा मुलगा आपल्या कॉलेजात सापडणं कठीण. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाटच, हे घरातली मोठी माणसं सांगतातच. पण मित्रांनो, फियाटमधला शेवटचा 'ट' कशाचा, असं व्हायवाला विचारलं तर किती जण सांगतील? तो 'ट' आहे तोरिनोचा. आपण ज्याला तुरिन म्हणतो ते उत्तर इटलीतलं शहर. फियाट म्हणजे तोरिनोची इटालियन मोटार फॅक्टरी.

या शहराच्या नावाचाच एक फुटबॉल क्लबही आहे, तोरिनो. गडद लालसर तपकिरी जर्सीचा. आज आपण रात्री जागून ज्या इटालियन टीम्सच्या मॅचेस पाहतो, त्यात तोरिनोचं नाव फार कोणी घेत नाही. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मिलान, इंटर आणि जुव्हेंटसचीच चर्चा. पण १९४० च्या दशकात हा क्लब असा काही खेळत होता, की इटलीत त्याला 'ग्रांदे तोरिनो' म्हणजे महान तोरिनो असं नाव पडलं. त्या टीमचा कप्तान होता वालेंतिनो मात्सोला. त्याची गोष्ट मला इथे सांगायची आहे, कारण ती फक्त फुटबॉलची नाही.

वालेंतिनोचा जन्म २६ जानेवारी १९१९ चा. गाव कास्सानो दाद्दा, मिलानपासून जवळच, आद्दा नदीच्या काठावर. घरची परिस्थिती बेताची. जगभर मंदी आली आणि वडिलांची नोकरी गेली. अकरा वर्षांच्या वालेंतिनोची शाळा सुटली ती कायमची. आधी बेकरीत पोऱ्या, मग गावातल्या लिननच्या गिरणीत कामगार. पुढे वडीलही अपघातात गेले. खेळायला बॉल कुठून येणार? रस्त्यात दिसेल तो पत्र्याचा डबा लाथेने उडवत हा मुलगा फिरायचा. त्यावरून गावाने त्याला 'तुलेन' हे टोपणनाव दिलं. तिकडच्या बोलीत पत्र्याच्या डब्यावरून आलेलं.

त्याच्याबद्दल अजून एक गोष्ट सांगतात. दहा वर्षांचा असताना त्याने नदीत बुडणाऱ्या एका लहान मुलाला उडी मारून बाहेर काढलं. तो मुलगा होता आंद्रेआ बोनोमी. १९५१ मध्ये एसी मिलानने लीग जिंकली तेव्हा त्यांचा कप्तान हाच बोनोमी होता. म्हणजे वालेंतिनोने कप्तानी मिळायच्या आधीच दुसऱ्या एका टीमचा कप्तान वाचवून ठेवला होता!

गावात चांगला खेळतो म्हणून त्याला आल्फा रोमिओ कंपनीत मेकॅनिकची नोकरी लागली. दिवसभर कारखान्यात हात काळे करायचे आणि कंपनीच्या टीमकडून खेळायचं. मग युद्ध आलं. लष्करी सेवेसाठी तो नौदलात गेला आणि व्हेनिसला पोहोचला. तिथल्या व्हेनेझिया क्लबने त्याची ट्रायल घेतली तेव्हा तो म्हणे अनवाणी खेळला, एकुलते एक बूट खराब होऊ नयेत म्हणून. १९४१ मध्ये व्हेनेझियाने इटालियन कप जिंकला. त्या टीममध्ये वालेंतिनोच्या शेजारी खेळायचा एझिओ लोइक. दोघांचाही जन्म १९१९ चा, महिने वेगळे, पण नवल म्हणजे तारीख एकच, २६! एकाने बॉल सोडला की दुसरा तिथे हजर, अशी जोडी.

तोरिनोचे अध्यक्ष फेरुच्चो नोव्हो या जोडीवर नजर ठेवून होते. शेजारचं जुव्हेंटसही मागावर होतं. पण १९४२ मध्ये नोव्हो यांनी दोघांनाही एकदम उचललं. पहिल्याच सीझनमध्ये, १९४२-४३ साली, तोरिनोने लीग आणि कप दोन्ही जिंकले. लीगचा निकाल शेवटच्या दिवशी लागला. बारीच्या मैदानावर मॅच संपत आली होती आणि गोल होत नव्हता. शेवटी तो मात्सोलानेच मारला. लिव्होर्नोपेक्षा फक्त एक पॉइंट जास्त!

त्यानंतर युद्ध इटलीच्या अंगणात आलं. लीग थांबली. खेळाडूंना सैन्यात किंवा जर्मनीत कामाला पाठवलं जाण्याची भीती होती. तेव्हा क्लबने त्यांची नावं फियाटच्या कामगारांच्या यादीत घातली आणि १९४४ मध्ये टीम 'तोरिनो फियाट' या नावाने खेळली. कारखान्यातून आलेला कप्तान पुन्हा कारखान्याच्या नावाखाली आला. त्या वर्षीच्या युद्धकालीन स्पर्धेत त्यांना हरवलं ते ला स्पेझियाच्या अग्निशामक दलाच्या टीमने. महान टीमसुद्धा हरते, हे आपण गॅदरिंगच्या मॅचेसमध्ये विसरतो म्हणून सांगितलं.

युद्ध संपल्यावर मात्र तोरिनोला अडवणारं कोणी उरलं नाही. १९४६, १९४७, १९४८ अशी लागोपाठ लीग त्यांनीच जिंकली. १९४६-४७ मध्ये २९ गोल मारून मात्सोला लीगमध्ये पहिला आला. १९४७-४८ मध्ये टीमने ४० मॅचेसमध्ये १२५ गोल केले आणि दुसऱ्या नंबरपेक्षा १६ पॉइंट्स पुढे राहिली, तेही जिंकल्यावर दोनच पॉइंट्स मिळायचे त्या काळात. ११ मे १९४७ ला इटलीने हंगेरीला ३-२ ने हरवलं तेव्हा मैदानावरच्या अकरापैकी दहा जण तोरिनोचे होते. उरलेला एक गोलकीपर, तो जुव्हेंटसचा.

मात्सोला दिसायला काही भीमसेन नव्हता. उंची साधारण १७० सेंटिमीटर. खेळायचा डाव्या बाजूचा इनसाइड फॉरवर्ड म्हणून, पण एका मिनिटाला तो स्वतःच्या गोलसमोर बॉल अडवताना दिसायचा आणि पुढच्या मिनिटाला समोरच्या गोलवर शॉट मारताना. म्हणजे मशीनचा एक पार्ट नव्हे, तर सगळे पार्ट फिरवणारा शाफ्टच म्हणा ना.

तोरिनोचं घरचं मैदान होतं फिलादेल्फिया. प्रेक्षक इतके जवळ की खेळाडूंचा श्वास ऐकू यावा. तिथे ओरेस्ते बोल्मिदा नावाचा एक रेल्वेतला माणूस तुतारी घेऊन बसायचा. टीम ढिली पडली की तो तुतारी फुंकायचा. ती ऐकली की मात्सोला शांतपणे जर्सीच्या बाह्या वर करायचा. बस्स! एवढीच खूण. पुढची पंधरा मिनिटं समोरच्या टीमची धडगत नसे. या पंधरा मिनिटांना नावच पडलं होतं, तोरिनोचा पाव तास. १९४८ मध्ये लॅझिओविरुद्ध ०-३ ने मागे पडलेल्या तोरिनोने मॅच ४-३ अशी जिंकली. १९४३ च्या जानेवारीपासून पुढे सहा वर्षांहून जास्त काळ या मैदानावर लीगची एकही मॅच ते हरले नाहीत.

मला या माणसातली आवडलेली गोष्ट म्हणजे ही बाह्यांची खूण. त्यात भाषण नाही, आरडाओरडा नाही. बाह्या वर करतो तो कामाला लागणारा माणूस. गिरणीतला, गॅरेजमधला, आपल्या वर्कशॉपमधला. मात्सोला आधी स्वतः कामाला लागायचा आणि बाकीचे दहा जण त्याच्या मागून.

घरी मात्र सगळं सुरळीत नव्हतं. पत्नी एमिलियापासून तो वेगळा झाला. त्यांचे दोन मुलगे, थोरला सान्द्रो आणि धाकटा फेरुच्चो. धाकट्याचं नाव अध्यक्ष नोव्होंवरून ठेवलेलं. सान्द्रो वडिलांजवळ राहिला. १९४९ मध्ये वालेंतिनोने दुसरं लग्न केलं. जगज्जेता होण्याची संधीही त्याला कधी मिळाली नाही, कारण युद्धामुळे १९४२ आणि १९४६ चे वर्ल्ड कप झालेच नाहीत. देशाकडून तो फक्त १२ मॅचेस खेळला.

आता १९४८-४९ च्या सीझनकडे येऊ. वीस टीम्स, प्रत्येकी ३८ मॅचेस. फेब्रुवारी १९४९ मध्ये जेनोआला इटली-पोर्तुगाल मॅच झाली. पोर्तुगालचा कप्तान होता बेन्फिका क्लबचा फ्रान्सिस्को फरेरा. त्याच्या सन्मानासाठी लिस्बनला एक मैत्रीची मॅच व्हायची होती. तोरिनोने त्यासाठी यावं, असं दोन कप्तानांमध्ये ठरलं आणि मात्सोलाने शब्द दिला.

३० एप्रिलला मिलानमध्ये इंटरविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाली. आजारपणामुळे मात्सोला ती मॅच खेळला नव्हता. चार मॅचेस बाकी आणि तोरिनो इंटरच्या चार पॉइंट्स पुढे. लीग जवळजवळ खिशात. टीम लिस्बनला निघाली. पूर्ण बरा नसलेला कप्तानही निघाला, कारण शब्द त्याचा होता. ३ मेला मॅच झाली. बेन्फिका ४-३ ने जिंकलं.

४ मे १९४९. तीन इंजिनांचं फियाट जी-२१२ विमान लिस्बनहून निघालं, बार्सिलोनाला थांबलं आणि दुपारी तुरिनकडे वळलं. तुरिनवर पाऊस, वारा आणि खाली उतरलेले ढग. शहराच्या कडेला सुमारे ६७० मीटर उंचीची सुपेर्गाची टेकडी आहे आणि तिच्यावर अठराव्या शतकातलं भव्य चर्च. संध्याकाळी पाचच्या सुमारास विमान त्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळलं. ३१ जण होते. एकही वाचला नाही. त्यात १८ खेळाडू, सोबत प्रशिक्षक, क्लबचे अधिकारी, तीन पत्रकार आणि विमानाचे कर्मचारी. मात्सोला गेला, लोइकही गेला. प्रशिक्षक एर्नो एग्री एर्बस्टाइन हे हंगेरीतले ज्यू. नाझींच्या तावडीतून जिवंत सुटलेला हा माणूस या टेकडीवर संपला. इटलीला दोनदा वर्ल्ड कप जिंकून देणारे वित्तोरिओ पोझ्झो यांच्यावर मृतदेहांची ओळख पटवण्याची वेळ आली. त्यांनीच त्यातल्या कित्येकांना इटलीच्या टीममध्ये घेतलं होतं.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला साहजिकच प्रश्न पडतो, असं कसं झालं? चौकशीत खराब हवामान, ढग आणि दिशा चुकणं ही कारणं पुढे आली. अल्टिमीटर अडकून चुकीची उंची दाखवत असावा, असाही तर्क नंतर मांडला गेला. अल्टिमीटर शेवटी हवेचा दाबच मोजतो, उंची आपण त्यावरून धरतो. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना पायलटचा सगळा भरवसा त्या काट्यावर. इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये रीडिंग घाईघाईत उतरवताना हे आठवावं.

माझ्या विंगमध्ये यावर एकदा रात्री चांगलाच वाद रंगला. एका मित्राचं म्हणणं, मात्सोलाने शब्द दिला नसता तर टीम वाचली असती, म्हणजे दोष त्याचाच. मला हे अजिबात पटत नाही. शब्द देताना त्याला ढग माहीत नव्हते, वारा माहीत नव्हता. माहीत एवढंच होतं की समोरही एक कप्तान आहे आणि त्याचा मान राखायचा आहे. जे आपल्या हातात असतं त्याचा हिशेब माणसाकडून घ्यावा. निकाल पाहून मागे जाऊन दोष शोधणं फार सोपं असतं. आपण रिझल्ट लागल्यावर तेच करतो!

आणि त्या टीमचं खरं मोल त्यानंतर दिसलं. ६ मेच्या अंत्ययात्रेला तुरिनमध्ये पाच लाखांच्या आसपास लोक जमले. पण लीगच्या चार मॅचेस बाकीच होत्या. तोरिनोकडे होती फक्त ज्युनिअर टीम, आपल्याच वयाची पोरं. ती पोरं मैदानात उतरली. ज्यांच्याशी खेळायचं होतं त्या चारही क्लबांनी आपापले मोठे खेळाडू बाजूला बसवले आणि ज्युनिअर टीमच उतरवली. जेनोआ, पालेर्मो, साम्पदोरिया, फिओरेंतिना. पोरांनी चारही मॅचेस जिंकल्या. तोरिनो ६० पॉइंट्स, इंटर ५५. युद्धाचा खंड सोडला तर लागोपाठ पाचवी लीग, आणि ती पूर्ण केली मागे उरलेल्या मुलांनी. २६ मेला अर्जेंटिनाहून रिव्हर प्लेटची टीम तुरिनला आली आणि मृतांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी खेळली.

पुढच्या वर्षी इटलीची टीम ब्राझीलच्या वर्ल्ड कपला विमानाने गेली नाही, बोटीने गेली. तोरिनोला पुढची लीग जिंकायला १९७६ उजाडावं लागलं.

सान्द्रो तेव्हा सहा वर्षांचा होता. इंटरचा बेनितो लोरेंझी हा वडिलांचा मित्र. मैदानावर त्यांचा प्रतिस्पर्धी, पण दोन्ही मुलांना त्यानेच इंटरमध्ये नेलं. १९६१ मध्ये इंटरने एका वादात निषेध म्हणून जुव्हेंटसविरुद्ध ज्युनिअर टीम उतरवली. १-९ असा दणकून पराभव झाला. तो एकमेव गोल होता पहिलीच मॅच खेळणाऱ्या सान्द्रो मात्सोलाचा. १९६४ मध्ये युरोपियन कपच्या फायनलला रिअल माद्रिदविरुद्ध त्याने दोन गोल केले. मॅचनंतर पुश्काश त्याच्याकडे आला. १९४७ च्या त्या हंगेरीच्या टीममध्ये पुश्काश होता. तुझ्या वडिलांविरुद्ध मी खेळलो आहे आणि तू त्यांचा मुलगा शोभतोस, अशा अर्थाचं काही बोलून त्याने आपली जर्सी त्याला दिली, असं सान्द्रो पुढे सांगत असे.

दर वर्षी ४ मेला तोरिनोचे खेळाडू सुपेर्गाच्या टेकडीवर जातात आणि कप्तान त्या ३१ जणांची नावं मोठ्याने वाचतो. वालेंतिनो मात्सोला गेला तेव्हा तीस वर्षांचा होता. आपल्यातले बरेच जण त्या वयात कुठल्या तरी कंपनीत असतील, एखादी टीम सांभाळत असतील. काम अडकलं, डेडलाइन डोक्यावर आली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, की भाषण नको. बाह्या वर करा आणि कामाला लागा. मागचे येतील!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी